क्लारनेटवाल्याचे दात

पांढुर्णा, ९ फेब्रुवारी १९८६

दादा, जयभीम.

माझं अक्षर पाहून तुम्ही पत्र न फोडताच ठेवून द्याल, म्हणून वरचा पत्ता प्रमिलाच्या हातानं लिहून घेतला. प्रमिला म्हणजे माझी बायको. लग्नाला तुम्ही आले नाही, म्हणून इथंच ओळख करून देऊन राहिलो. अक्षर चांगलं आहे तिचं. स्वभावही चांगला आहे, पण तो पत्त्यात दिसत नाही.

सात वर्षं झाली, आपण बोललो नाही. आताही मी भांडण उकरायले लिहून नाही राहिलो, अन् मिटवायलेही नाही. मले तुमचं तोंड पाहिजे. म्हणजे मले नाही, नागपूरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईले पाहिजे.

झालं असं. डिसेंबरात तिगावले एक वरात होती. क्लारनेट ओठात धरली, पहिला सूर काढला, अन् वरचा समोरचा दात हलला. वाटलं, मुखनळीची पत्ती सैल असेल. पत्ती बदलली. तरी हलला. मग जिभेनं चाचपलं तं त्याच्या बाजूचाही हलत होता, अन् दोघांच्या मधात फट पडली होती, जी दिवाळीत नव्हती. बाजारातल्या दातवाल्याकडे गेलो. त्यानं चिमट्यानं सगळे दात हलवून पाहिले, जशी पोरं बोराची फांदी हलवतात. म्हणे, "सगळे काढून टाकू, कवळी बसवू. भानगडच नको."

मी म्हटलं, "भाऊ, कवळीवर क्लारनेट वाजत नाही."

तो म्हणे, "मग दुसरं काही वाजव."

म्हणून नागपूर गाठलं. तिथं डॉ. विजया काळमेघ म्हणून आहेत, अजून मोठी परीक्षा व्हायची आहे त्यांची, त्यासाठी प्रबंध लिहून राहिल्या. त्यांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला अन् खुर्चीतून उठल्याच. "सर, सर" करत आपल्या मोठ्या डॉक्टरले बोलावून आणलं. दोघंही असे खुश झाले की मले वाटलं, माझं काही बरंच निघालं. नंतर कळलं की जितका वाईट एक्स-रे तितका त्यांचा आनंद. वरून दात पांढरे, स्वच्छ, पान-तंबाखू काही नाही, वय तेवीस, अन् आत समोरच्या दातांचं अन् पहिल्या दाढांचं हाड विहिरीच्या काठासारखं खचलेलं. तरुण माणसालेच होणारा हा हिरड्यांचा रोग आहे म्हणे. फार कमी लोकांले होतो, पण एका घरात भावाबहिणींत दिसतो.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला सख्खं कोण कोण?"

मी म्हटलं, "बहीण सौंसरले, मोठा भाऊ इटारसीले."

"दोघांना घेऊन या."

"बहीण येईल."

"आणि भाऊ?"

मी म्हटलं, "रेल्वेत आहे. सुट्टी नाही मिळत."

तुम्हाले सुट्टी मिळते का नाही, मले काय माहीत. पण बाईसमोर घरचं काय सांगायचं. तुम्ही एकदा नागपूरले येऊन जा. फक्त तोंड उघडायचं आहे. माझ्याशी बोलायले नाही, डॉक्टरले दाखवायले.

मले दुखत वगैरे काही नाही. सीझन जोरात आहे.

तुमचा लहान भाऊ
गुणवंता


पांढुर्णा, ९ मार्च १९८६

दादा, जयभीम.

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे ते घरात आहे, एवढं धरून चालतो.

माझी एक दाढ काढली. खालची, उजवीकडची. ती वाचण्यासारखी नव्हतीच. पण दाढ गेली अन् माझी किंमत वाढली. बाईंनी ती दाढ बाटलीत ठेवली अन् म्हणे, "पंधरा दिवसांनी या, तुमची दाढ तुम्हालाच दाखवते." मी म्हटलं, तेवीस वर्षं तोंडातच होती, आता काय दाखवता. पण गेलो.

दादा, त्या दाढेचा त्यांनी उभा काप घेतला होता. मग पाणी टाकून दगडावर घासत घासत कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ केला होता. बोटाची कातडी निघाली म्हणे त्यांची. तो काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली लावला अन् मले म्हणे, "डोळा लावा, चाक हळूहळू फिरवा." आधी नुसतं धुकं. मग एकदम साफ दिसलं. दात आतून दगडासारखा भरीव असतो असं मले वाटत होतं. तसं नाही. आत नळ्याच नळ्या आहेत. केसाहूनही बारीक, एकमेकीले लागून, सगळ्या बाहेरून आतल्या पोकळीकडे वळत गेलेल्या. मी म्हटलं, "बाई, ह्या तं बासऱ्या आहेत." बाई हसल्या. म्हणे, "मी मुलांना हे शिकवते, पण कोणी असं म्हटलं नाही. त्यांना फक्त परीक्षेत किती मार्कांना येतं ते पाहिजे असतं."

मग त्यांनी मुळाची बाजू दाखवली. मुळावर सालीसारखा एक थर असतो. त्या सालीत धाग्यांची टोकं रुतलेली असतात अन् दुसरी टोकं हाडात. दात हाडाले चिकटलेला नसतो, ह्या धाग्यांनी बांधलेला असतो. मले आपला ढोल आठवला, दोऱ्या चहूकडून ताणलेल्या. दुसऱ्या कोणाच्या निरोगी दाताचा काप होता, त्यात साल सरळ, सारखी. माझ्या दाढेत ती पातळ, अन् मधात मधात नाहीच. दोरी बांधायले कडीच नाही तं ढोल कसा ताणून राहील.

मी विचारलं, "म्हणजे मी जन्मलोच असा, का रोगानं असं केलं?"

बाईंनी काप परत डबीत ठेवला. म्हणे, "हेच तर कोणाला नक्की माहीत नाही. कोणी म्हणतं ही साल मुळातच कच्ची असते, म्हणून जंतूंना वाट मिळते. कोणी म्हणतं जंतूच आधी. त्यासाठी एकाच घरातली माणसं पाहायची आहेत मला. भाऊ केव्हा येतात तुमचे?"

मी म्हटलं, "लिहिलं आहे."

एक गंमत सांगतो. बाईंनी मले क्लारनेट घेऊन बोलावलं होतं. वाजवताना वरच्या दातावर नेमका जोर कुठं पडतो ते पाहायचं होतं. मी मुखनळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता, दाताले धक्का कमी लागावा म्हणून. तो पाहून त्या म्हणे, "हे चांगलं केलं. आता वाजवा." मी म्हटलं, इथं? म्हणे, इथंच. हळूच एक वरातीची चाल काढली. पाच मिनिटांत दाराशी गर्दी. गाल सुजलेला एक म्हातारा बाकावर बसून मांडीवर ठेका धरून राहिला होता. शेवटी चपराशी आला अन् म्हणे, "हा दवाखाना आहे, बाबू, मंडप नव्हे." बाईंचे सर त्याच्या मागं उभे होते. ते म्हणे, "अंतरा तरी पूर्ण करू द्या त्याला."

सुशीलाताई पुढच्या आठवड्यात नागपूरले येऊन राहिली. तिनं तुमची खुशाली विचारली. मी म्हटलं, बरे आहेत. बरेच असाल.

गुणवंता


पांढुर्णा, १७ एप्रिल १९८६

दादा, जयभीम.

सोमवारी जयंती झाली. मिरवणूक बाजारातून निघाली, गर्दी मागच्या वर्षीहून जास्त. तुम्ही असते तं तुम्हाले आवडलं असतं. एक गोष्ट सोडून.

मी पहिल्या पत्रात लिहिलं, सीझन जोरात आहे. सीझन जोरात आहे, पण माझा नाही. दवाखान्यात वाजवली तेवढी सोडली तं फेब्रुवारीपासून क्लारनेट पेटीत आहे. समोरच्या हिरड्या इंजेक्शन देऊन उघडल्या, मुळं खरवडून साफ केली, परत टाके घातले. पंधरा दिवस कॅप्सूल खाल्ल्या, दिवसातून चारदा, त्या पिवळ्या-लाल. आता वरचे दात पातळ तारेनं एकमेकांले बांधले आहेत. बाईंनी सांगितलं, सहा महिने फुंकायचं नाही. मग वाचले तं वाचले.

अन् दुखत होतं, दादा. नाही म्हणून लिहिलं होतं, पण दुखत होतं.

बँडपार्टी तं मोडता येत नाही. आता चाल वामन धरतो, आपला ट्रम्पेटवाला. चांगला धरतो, पण प्रत्येक गाणं कवायतीसारखं वाजवतो, नवरी सासरी चालली का सैन्य चाललं ते कळत नाही. अन् मी काय करतो? लाल कोट घालून, टोपी घालून, पहिल्या रांगेत झुनझुना वाजवतो. प्रमिला म्हणे, "घरी बसा ना." पण घरी बसवत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत लोकं विचारून राहिले, "गुणवंता, क्लारनेट कुठं आहे?" तोंड बंद ठेवून हसायचं, म्हणजे तार दिसत नाही. झुनझुना वाजवायले तसं काही लागत नाही, पण माणूस उगाच जास्त हलतो.

तुम्ही मनात म्हणाल, बरं झालं. सात वर्षांआधी सगळ्यांसमोर तुम्ही म्हटलं होतं, "लोकांच्या दारात गाल फुगवायचे अन् मंडपाबाहेर बसून जेवायचं. मी बाजा सोडला. तूही सोड, नाहीतं माझ्याशी बोलू नको." मी सोडला नाही. तुम्हीच शिकवला होता, कसा सोडणार. पण मंडपाबाहेरची गोष्ट मी विसरलो नाही. आता मी लग्नाची सुपारी घेतानाच सांगतो, बँडवाले मंडपात जेवतील, सगळ्यांच्या पंगतीत. पहिल्या वर्षी काही लग्नं हातची गेली. आता बहुतेक लोकं नुसती मान हलवतात. सौंसरले एका पाटलानं तं स्वतः वाढलं. हे तुम्हाले कधी सांगायचं होतं, सांगायले जागा नव्हती.

सुशीलाताईचं तोंड पाहिलं. तिच्याही दोन दाढा लहानपणीच गेल्या होत्या, आपल्याले वाटायचं गोड खाऊन गेल्या. बाकीचे दात मजबूत आहेत. बाईंनी तिले सोडलं, फक्त दर सहा महिन्यांनी बोलावलं.

आता तुम्हीच उरले. बाईंच्या कागदावर तुमच्या नावापुढं जागा कोरी आहे.

गुणवंता


पांढुर्णा, २५ जून १९८६

दादा,

काल नागपूरले गेलो होतो. बाईंनी तार तपासली, हिरड्या तपासल्या, मग हात पुसत म्हणे, "तुमचे भाऊ येऊन गेले."

मी खुर्चीत सरळ झालो. "केव्हा?"

"मागच्या आठवड्यात. मुलीला घेऊन आले होते. नाक अगदी तुमच्यासारखं. पण बोलायला तुमच्यापेक्षा फार कमी."

मी म्हटलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, हिचं तोंड पाहा. मी म्हटलं, आधी तुमचं पाहते. तर त्यांनी खिशातून रुमाल काढला, पाठ फिरवली, अन् दोन्ही कवळ्या काढून रुमालात ठेवल्या. तुम्ही सांगितलं नव्हतं की त्यांना एकही दात नाही."

दादा, मले कुठं माहीत होतं.

मी विचारलं, "केव्हापासून?" बाईंनी कागद पाहिला. "एकोणऐंशी सालापासून. इटारसीला सगळे काढले. त्याआधी दोन-तीन वर्षं हलत होते." मग म्हणे, "मी विचारलं, तुम्हीही काही वाजवत होतात का? ते म्हणाले, नाही."

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. पहिले हसू आलं, का आलं माहीत नाही. मग डोळे पुसले. बाजूले एक बाई नातवाले केळं चारत होती, तिनं मलेही केळं दिलं. तिले वाटलं, दाढ दुखते.

गाडीत सगळा रस्ता मी जुन्या गोष्टी जोडून राहिलो. जामसांवलीची ती मिरवणूक, नवस फेडायची. अर्ध्या रस्त्यात तुम्ही क्लारनेट माझ्या हातात दिली, म्हटलं "तू धर", अन् मागं ढोलवाल्यांत जाऊन चालू लागले. आम्हाले वाटलं, कोणी काही बोललं तुम्हाले. त्याच्या दुसऱ्या महिन्यात तुम्ही मंडपाबाहेरचं बोलले अन् रेल्वेत गेले. मग मिशी वाढवली. बाबा गेले तेव्हा आले, दोन दिवस राहिले अन् तोंड उघडलं नाही. सुशीलाताई म्हणे, अजून राग आहे दादाले. राग नव्हता. नवीन कवळी होती.

मले हे समजत नाही की तुम्ही आम्हाले काहून नाही सांगितलं. मग वाटते, मलेही कुठं सांगता आलं. पहिल्या पत्रात मीही लिहिलंच की दुखत नाही. अन् मंडपाबाहेरचं जे तुम्ही बोलले ते दात हलत होते म्हणून खोटं होत नाही. दोन्ही खरं असेल. माणूस एका गोष्टीसाठी घर सोडतो अन् दुसरी सांगतो, असं होत असेल.

पुष्पाचं बाईंनी मले सांगितलं. तेरा वर्षांची झाली, मी तिले शेवटी पाहिलं तेव्हा ती आपल्या ढोलावर बसायची. तिच्या एकाच दाढेपाशी सुरुवात आहे. हाड अजून शाबूत आहे. बाई म्हणे, "इतक्या लवकर पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे आलं. बहुतेक लोक दात हातात घेऊन येतात. हिचा एकही दात मी जाऊ देणार नाही." त्या असं उगाच बोलत नाहीत. माझ्या वेळी त्या "पाहू" एवढंच म्हणाल्या होत्या.

म्हणजे पत्रं तुम्ही वाचली. सगळी वाचली. अन् पोरीचं तोंड उघडून पाहिलं, बॅटरी लावून पाहिलं असेल, अन् गाडीत बसले. ती गाडी पांढुर्ण्याले थांबते, दादा. जाताना थांबली, येताना थांबली. मी दोन्ही वेळी घरीच होतो.

माझा काही राग नाही. पण पुढच्या वेळी खिडकीतून तरी हात दाखवा.

गुणवंता


पांढुर्णा, १४ सप्टेंबर १९८६

दादा, जयभीम.

दातांची तार निघाली. नवा एक्स-रे काढला. बाईंनी जुना अन् नवा बाजूबाजूले धरला अन् मले म्हणे, "काय फरक दिसतो?" मले दोन्ही सारखेच काळे दिसले. मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. समोरच्या दातांच्या बाजूले जिथं फेब्रुवारीत पार काळं होतं, तिथं आता धुरासारखं थोडं पांढरं आहे. हाड परत येऊन राहिलं. पूर्ण येणार नाही म्हणे, पण दात धरण्यापुरतं येईल. बाईंचे सर आले, त्यांनीही पाहिलं. ह्या वेळी चांगला एक्स-रे पाहूनही ते तसेच खुश झाले, तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

फट तशीच आहे. प्रमिला म्हणे, राहू द्या, हसताना बरी दिसते.

फुंकायची परवानगी मिळाली, रोज थोडं थोडं, ट्यूबचा तुकडा लावूनच. काल घराच्या मागं, संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर बसून मी क्लारनेट लावली. खालचे सूर आले. जाड, थोडे बसलेले, जसा सर्दी झालेला माणूस बोलतो. पण आले, अन् दात हलला नाही. प्रमिला भिंतीआडून ऐकून राहिली होती. बाहेर आली अन् म्हणे, "आता कळलं, वामनभाऊले लोकं गप बसा काहून म्हणत होती."

वरचे सूर येत नाहीत. ओठाचा जोर कमी करायचा अन् बोटांनी, पोटानं काम घ्यायचं, असं काहीतरी तुम्ही मले शिकवत होते. मी तेव्हा लहान होतो, लक्ष नव्हतं, जोर होता म्हणून जोरानंच काढत गेलो. आता तो जोर चालणार नाही. हे मले पांढुर्ण्यात शिकवणारं कोणी नाही. वामनले विचारलं, तो म्हणे, "फुंक अजून." शिकवायले दात लागत नाहीत, दादा. मी वाजवीन, तुम्ही फक्त चुकलं तिथं थांबवा. लहानपणी पट्टीनं थांबवत होते, तसंही चालेल.

पुष्पाची पुढची तारीख सात ऑक्टोबर आहे, बाईंनीच सांगितलं. मंगळवार पडतो. इटारसीहून एका दिवसात जाऊन परत यायचं म्हणजे पोरीची फरफट होते. मधात आपलं घर आहे. प्रमिलानं तिच्यासाठी आतली खोली सारवून ठेवली, अन् तुम्ही आले नाही तं मले परत सारवायले लावीन म्हणे.

बाकी तुमची मर्जी.

गुणवंता


इटारसी, २६ सप्टेंबर १९८६

चि. गुणवंता यास मोतीरामचा जयभीम.

पत्रं सगळी मिळाली. पुष्पाची दाढ आता दुखत नाही. सहा तारखेले, सोमवारच्या पॅसेंजरनं निघून राहिलो, संध्याकाळी पांढुर्ण्याले उतरतो. मंगळवारी नागपूर करून परत तुझ्याच घरी येऊ, बुधवारी थांबू. वरच्या सुरांसाठी एक दिवस पुरणार नाही, पण पाहू.

पत्ती नवीन आणून ठेवजो. जुनीवर शिकवणार नाही.

प्रमिलाले सांगजो, माझी भाकर नरम ठेवायची. वरणात चुरून दिली तरी चालते.

मोतीराम